व्हिला-लोबोस यांचा ताल कागदापुरता राहू नये : ब्राझीलच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संस्कृतिमंत्री,
ब्राझील सरकार, ब्राझिलिया

विषय : एइतोर व्हिला-लोबोस यांच्या वाद्यवृंद-रचनांची शुद्ध आणि सर्वांना खुली आवृत्ती

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या देशाचे संगीतकार एइतोर व्हिला-लोबोस 1959 साली गेले. आपल्या कायद्यातील सत्तर वर्षांची मुदत 2029 अखेर संपेल आणि 1 जानेवारी 2030 पासून त्यांचे संगीत ब्राझीलमध्ये स्वामित्वहक्कातून मुक्त होईल. भारतात ही मुदत साठ वर्षांची असल्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना आमच्याकडे 2020 पासूनच मुक्त आहेत. मात्र हक्क संपला म्हणजे संगीत वाजवणाऱ्याच्या हाती आले असे होत नाही. पुण्यात तालवाद्ये शिकवताना मला हे वारंवार जाणवते आणि त्यासाठीच आपल्याला लिहीत आहे.

‘बाकियानास ब्राझिलेइरास’ मालिकेतील दुसऱ्या रचनेचा शेवटचा भाग म्हणजे खेड्यापाड्यांतून जाणारी छोटी आगगाडी. 1930 मधील ही रचना ऐकताना गाडी प्रथम दिसते ती तालवाद्यांतून. मण्यांनी भरलेली गांझाची नळी, खाचांवरून काठी घासत वाजवायचा रेकू-रेकू आणि खंजिरीच्या जातीचा पांदेइरू यांची सळसळ सुरू होते, लय हळूहळू चढते, आणि गाडीने वेग धरल्यावरच व्हायोलिनची लांबरुंद धून तिच्यावर स्वार होते. माझ्या विद्यार्थ्यांनी या भागातील गांझा केवळ छापील स्वरलिपीवरून वाजवून पाहिला, तेव्हा प्रत्येक ठोका बरोबर जागी पडला आणि तरीही गाडी हलली नाही. एका मात्रेचे चार भाग कागदावर सारखे दिसतात, पण ब्राझिली वादकाच्या हाताच्या झोक्यात ते किंचित लांबतात, किंचित आखडतात आणि तालाची सगळी चाल त्या फरकावर उभी असते. लावणीची ढोलकी केवळ लिहिलेल्या बोलांवरून कुणी वाजवायला घेतली, तर ठेका सापडेल, पण लावणी उभी राहणार नाही.

‘शोरोस’ मालिकेत ही अडचण अधिकच वाढते. तरुणपणी रिओच्या रस्त्यांवर बासरी, गिटार आणि काव्हाकिन्यू (छोट्या गिटारसारखे तंतुवाद्य) घेऊन फिरणाऱ्या, शोरो नावाचे शहरी लोकसंगीत वाजवणाऱ्या वादकांबरोबर व्हिला-लोबोस स्वतः गिटार वाजवत असत आणि मालिकेचे नावही त्यांनी तिथूनच उचलले. ‘शोरोस क्रमांक 8’ मध्ये त्यांनी काराकाशा हे लोक-तालवाद्य योजले आहे, तर 1926 च्या ‘शोरोस क्रमांक 10’ मध्ये भल्यामोठ्या वाद्यवृंदाच्या आणि गायकवृंदाच्या जोडीला पुईता हे ढोलाच्या जातीचे वाद्य आहे. पुईताच्या कातड्याला आतून जोडलेली काडी ओल्या फडक्याने घासावी लागते, तेव्हा तिच्यातून कण्हल्यासारखा, कधी हसल्यासारखा आवाज येतो. ब्राझीलबाहेरच्या तालवादकाला हे नुसत्या नावावरून कसे कळावे? तो जवळ असेल ते वाद्य उचलतो, आणि ज्या ध्वनीसाठी रचनाकाराने एवढी खटपट केली तो ध्वनीच हरवतो.

या रचनांच्या शुद्ध, खुल्या आवृत्तीसाठी लागणारे जवळपास सगळे आपल्या मंत्रालयाच्या छत्राखालीच आहे. व्हिला-लोबोस यांची हस्तलिखिते जपणारे रिओमधील संग्रहालय 1960 पासून उभे आहे. शोरोची राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद 2024 साली आपल्याच वारसा संस्थेने केली. संशोधित आवृत्तीने काय साधते, हे साओ पाउलो राज्य वाद्यवृंदाने इसाक काराबचेव्हस्की यांच्या संचालनाखाली दाखवून दिले आहे. पाचवी सिंफनी हरवलेली असल्याने उरलेल्या अकरा सिंफनींचे ध्वनिमुद्रण करताना त्यांनी जुन्या स्वरलिपींतील चुकाही दुरुस्त करून घेतल्या. 2019 मध्ये बरखास्त झालेले आपले मंत्रालय 2023 मध्ये पुन्हा उभे राहिले, तेव्हा दूरवरच्या आमच्यासारख्या श्रोत्यांनाही आनंद झाला होता. त्या आनंदाच्या हक्कानेच ही मागणी करतो.

2030 उजाडेल तेव्हा ‘शोरोस’ आणि ‘बाकियानास’ या दोन्ही मालिकांच्या वाद्यवृंदासाठीच्या रचना, संपूर्ण स्वरलिपी आणि प्रत्येक वादकाच्या सुट्या प्रती अशा दोन्ही रूपांत, हस्तलिखितांशी ताडून शुद्ध केलेल्या आणि कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतील अशा उपलब्ध असाव्यात. त्यांच्यासोबत प्रत्येक लोकवाद्याचे चित्रीकरण असावे. वाद्य कसे धरायचे, कुठे घासायचे, तालाचा भार कुठे द्यायचा, हे शोरोच्या बैठकींत आणि सांबा शाळांत (कार्निव्हलसाठी सांबा सादर करणाऱ्या मंडळांत) वाजवणाऱ्या कलावंतांनीच दाखवावे, आणि त्यांना त्याचा योग्य मोबदला व नावानिशी श्रेय मिळावे. व्हिला-लोबोस यांच्या संगीतातील ताल ज्या परंपरेतून आला, ती आज या वादकांच्या हातात आहे. आवृत्तीवर संपादकाचे नाव येईल आणि त्यांचे येणार नाही, असे झाले तर तो अन्याय ठरेल.

व्हिला-लोबोस यांनी 1930 च्या दशकात रिओच्या शाळांमध्ये समूहगान रुजवले आणि 1940 साली तिथल्या स्टेडियममध्ये सुमारे 40,000 मुलांकडून एकत्र गाऊन घेतले. संगीत मोजक्या सभागृहांत कोंडून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. सर्व रचना एकदम हाती घेणे अवघड असेल, तर वर उल्लेखिलेल्या तीन रचनांपासून आरंभ करावा. कारण तालवाद्यांचा प्रश्न तिथेच सर्वांत तीव्र आहे, आणि त्या तिन्हींसाठी केलेले वाद्यांचे चित्रीकरण पुढील बहुतेक रचनांनाही उपयोगी पडेल. संग्रहालयाला त्यासाठी पुढील अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करून द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
पुण्यातील एक तालवाद्य शिक्षक