पॅटनखालचा चिखल

पुणे, २२ जून

प्रिय मन्या,

तू बनवलेल्या पॅटन रणगाड्याच्या मॉडेलचे फोटो पाहिले. जोडकाम सफाईदार झालंय, आणि ट्रॅकला, म्हणजे चाकांवरच्या साखळीपट्ट्याला, वरच्या बाजूने दिलेला झोल तर मला फारच आवडला. एखादा जाणकार म्हणेल की तामिया या मॉडेल कंपनीचा हा नंतरचा, ए-३ पॅटन आहे आणि १९६५ साली पाकिस्तानकडे त्याआधीचे, पेट्रोलवर चालणारे पॅटन होते. म्हणू दे. मला खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य: "आता खाली थोडी माती पसरतो, गवत चिकटवतो, की झालं." अरे, तू जी दाखवतोयस ती १९६५ ची, पंजाबातल्या असल उत्तरची अर्धी लढाई त्या मातीनेच लढवली!

खेमकरणकडून येणाऱ्या रणगाड्यांच्या वाटेवरच्या शेतांत आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी सोडलं. उभ्या उसात आपले सेंच्युरियन, शर्मन रणगाडे आणि जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफा दबा धरून होत्या. परमवीर चक्र मिळालेले अब्दुल हमीद अशाच एका जीपवर होते. पॅटन चिखलात अडकले आणि आयते टप्प्यात आले. म्हणजे तुझ्या देखाव्यात सैनिक एकही नसला तरी बिघडणार नाही, पण पंचेचाळीस टनांचं धूड चिखलावर अलगद ठेवलेलं दिसलं तर सगळंच फसलं. नवशिक्यांच्या डायोरामात, म्हणजे अशा छोट्या देखाव्यात, नेमकं हेच होतं. मॉडेलवर महिना घालवायचा आणि जमीन रविवारी दुपारी उरकायची.

तेव्हा आधी खोलीचा हिशेब कर. पॅटनचं पोट जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर वर असतं, म्हणजे तुझ्या १:३५ मापाच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) मॉडेलमध्ये साधारण सव्वा सेंटिमीटरच्या आत. पोट टेकेपर्यंत रुतवायचा तर ट्रॅक तेवढे खाली गेले पाहिजेत. त्यामुळे फळीवर निदान अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा थर लागेल. थर्माकोल चालेल, पण दाट, बारीक दाण्याचा फोम मिळाला तर तो घे, कापताना भुगा कमी होतो. दोन्हींवर स्प्रे पेंट थेट मारू नकोस, त्यातल्या द्रावकाने ते विरघळून खड्डे पडतात. फळी एमडीएफची असेल तर आधी दोन्ही बाजूंनी व्हार्निश किंवा प्रायमर दे, नाहीतर ओल लागून वाकेल. रणगाडा फळीच्या कडेला समांतर न ठेवता तिरका ठेव. समांतर ठेवलेला रणगाडा पार्किंगमध्ये लावल्यासारखा दिसतो.

आता चिखल. बाजारात तयार पेस्टच्या महागड्या बाटल्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. वॉल पुट्टी, फेव्हिकॉल, चाळलेली माती आणि तपकिरी रंग एकत्र कालव. रंग मिश्रणातच घाल, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तरी आत पांढरं दिसणार नाही. माती जुन्या तव्यावर कोरडी भाजून घे, नाहीतर बंद काचेखाली बुरशी धरते. मग मैद्याच्या चाळणीने चाळ, पण स्वयंपाकघरातल्या नको, वहिनी मला बोलतील. चाळायचं कारण असं की एक मिलिमीटरचा वाळूचा कण या मापात साडेतीन सेंटिमीटरची खडी होतो, आणि पंजाबच्या त्या गाळाच्या शेतात खडी कुठून येणार?

आपले हात दिवाळीच्या किल्ल्यावर तयार झालेत, म्हणून रंगाबद्दल मुद्दाम लिहितो. तिथे गेरू चालायचा, अळीव पेरले की रान तयार. इथे कोकणची तांबडी नको आणि विदर्भाची काळीही नको. खेमकरणची माती करड्याकडे झुकणारी, फिकट तपकिरी. ओली झाली की गडद होते, पण काळी होत नाही. फेव्हिकॉल वाळल्यावर माती मुळापेक्षा गडद दिसते, त्यामुळे खऱ्या मातीच्या भरवशावर राहू नकोस, वरून रंगव. सखल भाग गडद आणि चकाकता ठेव, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंगाचा हात फिरव.

सगळ्यात महत्त्वाचं काम मिश्रण ओलं असतानाच करायचं. फोममध्ये ट्रॅकच्या रुंदीचे दोन चर आधीच कोरून ठेव (खरा ट्रॅक ७१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे तुझ्याकडे दोन). त्यांत मिश्रण भर, मॉडेलच्या ट्रॅकला पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळ आणि पॅटन दाबून बसव. दोन्ही बाजूंना चिखल फुगून वर येईल, तो पुसू नकोस, वजन त्यातूनच कळतं. मॉडेल उचल, मागे उमटत गेलेली वाट सुट्या ट्रॅकच्या तुकड्याने पुरी कर. सगळं वाळून रंगल्यावर पॅटन कायमचा बसव आणि ट्रॅक नि जमीन यांच्यातली फट उरलेल्या मिश्रणाने बुजव. ती फट राहिली की एवढा खटाटोप वाया जातो.

उसाला वेळ लागेल. सप्टेंबरात तो पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो, म्हणजे तुझा ऊस सात-आठ सेंटिमीटर हवा. कांड एक मिलिमीटरहून बारीक, त्यामुळे खराट्याचा हीर जाड पडतो, फुलझाडूच्या काड्या बरोबर बसतात. पानं साध्या कागदाची, तीन-चार सेंटिमीटर लांब, मधली शीर नखाने दाबून काढलेली. पॅटनच्या मागे आडवा झालेला ऊस दाखव, पुढे उभा.

पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) एकदम ओतू नकोस. जाड थर घट्ट होताना तापतो आणि खालचा फोम बिघडतो. दोन-दोन मिलिमीटरचे थर दे, कडा आधी पक्क्या बंद कर. त्यात तपकिरी रंगाचा थेंब टाक. नांगरलेल्या शेतात शिरलेलं पाणी गढूळच असणार, स्विमिंग पूल नको.

नगरच्या टँक म्युझियमला जाणार असशील तर चाकं आणि ट्रॅक जवळून बघून ये, पण जमीन तिथे बघू नकोस. ती त्याऐवजी पावसाळ्यात गावाकडे ट्रॅक्टर रुततो तिथे बघ, मोबाइलवर भरपूर फोटो काढ. चिखल चाकाला कुठपर्यंत चढतो, वाळलेला कुठे आणि ओला कुठे, हे त्यातच कळेल.

फोम कापण्याआधी ए-फोर कागदावर रणगाडा, वाट आणि ऊस आखून मला पाठव. माझ्या अंदाजाने ए-फोर अपुरा पडेल, पण तू आखून बघच. फुलझाडू इथून पाठवू का, की तुमच्याकडे मिळतो? काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या