फरदडीचा कापूस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अवकाश-मालिकेवरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं की जुने चाहते म्हातारे झाले, नवं त्यांना पचत नाही, म्हणून ते नाकं मुरडतात. मी त्या म्हाताऱ्यांपैकीच एक. वय ६६. अमळनेरात चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, गावाकडे अडीच एकर कापूस आहे आणि विहिरीला जेमतेम पाणी. लेखातलं निदान मला पटलं नाही, म्हणून हे पत्र.

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा ती अमेरिकेत बंद पडून पंधराएक वर्षं झाली होती. आम्हाला ते काय माहीत! मी गच्चीवर अँटेना फिरवायचो आणि खालून भाऊ ओरडायचा, “मुंग्या गेल्या, थांब!” इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं शेजारचे गुरुजी सांगायचे. आई आतून विचारायची, “तो कानवाला उना का?” कानवाला म्हणजे यानावरचा टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक. वीज गेली तर भाग बुडायचा, पण पुढच्या रविवारी काही अडायचं नाही, कारण प्रत्येक वेळी ग्रह नवा आणि भानगडही नवी. एका भागात दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. दोघांचे चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. भांडण कशावरून, तर एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी! त्या दिवशी आमच्या ओट्यावर जेवणाची वेळ टळून गेली तरी वाद चालू होता. गावातल्या दोन पाणवठ्यांपर्यंत विषय गेला, तेव्हा गुरुजींनी तो आवरता घेतला.

आता “नवं पचत नाही” याबद्दल. १९८७ साली नवी मालिका आली तेव्हा कप्तान टकला, फ्रेंच नावाचा, आणि स्पॉक नाही. लोकांनी सुरुवातीला नावं ठेवली आणि नंतर तिला डोक्यावर घेतलं. १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ आली, तर तिच्यात यानच कुठे जात नव्हतं. सगळं एका अवकाश स्थानकावर. आमच्या भाषेत सांगायचं तर भुसावळ जंक्शन. नाना जातीचे लोक उतरतात, चढतात, कुणाची गाडी चुकते, कुणाचा माल अडकतो. त्या काळी तिला थोडं सावत्र वागवलं गेलं, पण आज तीच सगळ्यांत सरस मानणारे चाहते ढिगाने आहेत. मीही त्यातला. म्हणजे नव्याचं वावडं नव्हतं.

मग बिघडलं कुठे? कापूस लावणाऱ्याला फरदड सांगावी लागत नाही, पण शहरी वाचकांसाठी सांगतो. वेचण्या संपल्या की पऱ्हाटी उपटून रान मोकळं करायचं असतं. पण जानेवारीत भाव बरा दिसतो, विहिरीत थोडं पाणी असतं, मग माणूस त्याच झाडांना आणखी पाणी देतो. चार क्विंटल जास्त मिळतात. रुई आखूड, कवडी (किडका, डागी कापूस) जास्त, आणि त्याच पऱ्हाटीवर बोंडअळी पुढच्या हंगामासाठी मुक्कामाला राहते.

स्टार ट्रेकवाल्यांनी १९८७ ते २००५ अशी सलग अठरा वर्षं पाणी दिलं. चार मालिका, ६२४ भाग, मधली काही वर्षं तर दोन-दोन मालिका एकाच वेळी. पहिल्या वेचणीला बी बाहेरून येत होतं. रोनाल्ड मूर नावाचा तरुण सेट बघायला गेला आणि आपली संहिता तिथे देऊन आला. १९८९ मध्ये मायकल पिलर लेखकांचे प्रमुख झाले, त्यांनी ती उचलली आणि बाहेरच्या कुणाच्याही संहितेला दार उघडं केलं. पुढे हाच मूर दहा वर्षांनी ‘व्हॉयेजर’ या तिसऱ्या मालिकेवर गेला आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडला.

‘व्हॉयेजर’बद्दल माझी तक्रार मेकॅनिकची आहे. यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, वाटेत ना गॅरेज, ना स्पेअर पार्ट. बारा आण्याचा कंडेन्सर मिळेना म्हणून गिऱ्हाइकाचा टीव्ही महिनाभर दुकानात पडून राहिलेला मी पाहिलाय. आणि इथे या आठवड्यात यानाच्या चिंधड्या, पुढच्या आठवड्यात ते चकाचक! सुरुवातीला यानावरच बोलणं होतं की टॉर्पेडो अडतीसच आहेत, नवे मिळायचे नाहीत. चाहत्यांनी पुढे मोजले, तर अडतीसच्या कितीतरी वर उडाले होते. म्हणजे बघणारे मोजत होते आणि करणाऱ्यांनी मोजणं सोडलं होतं. लेखात ज्याला चाहत्यांची कुरकुर म्हटलंय, तिची सुरुवात मला इथे दिसते.

मग चौथी मालिका, ‘एंटरप्राइज’. २००१ मध्ये पहिला भाग सव्वा कोटी अमेरिकनांनी पाहिला, चौथ्या वर्षी तीसेक लाख उरले. आणि १३ मे २००५ चा शेवटचा भाग! या यानावरच्या लोकांची चार वर्षांची गोष्ट संपतेय, आणि ती सांगितली कशी, तर १९८७ च्या मालिकेतली दोन माणसं एका खोलीत हिचा जुना देखावा लावून बघतायत. आपल्याच लग्नात आपल्याला वऱ्हाडाच्या पंगतीला बसवावं, तसं. नट-नट्याही नाराज होत्या, आपण काय बोलणार.

त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनची जुनी मालिका ‘डॉक्टर हू’ परतली. १९८९ पासून, १९९६ चा एक टीव्हीपट सोडला तर, ते रान पडीकच होतं. परतली आणि धो धो चालली. स्टार ट्रेकचंही पहिलं चांगलं पीक १९६९ नंतरच्या लांबलचक पडीनंतरच आलं होतं.

२०१७ च्या ‘डिस्कव्हरी’पासून पुन्हा तेच. (त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने माझा निम्मा कापूस खाल्ला, म्हणून साल पक्कं लक्षात आहे.) २०२२ मध्ये तर एकाच वर्षात पाच मालिकांचे नवे भाग. त्यात ‘डिस्कव्हरी’त सीझनभर एकच गोष्ट आणि दर सीझनला सबंध विश्वच धोक्यात. सारखंच विश्व बुडायला लागलं की बुडण्याचं काही वाटेनासं होतं. वेचणीच्या गडबडीत माझे दोन भाग राहिले, तर पुढचं काही लागेना. नातवाने सारांश सांगितला, पण सारांशावर ओट्यावर कोण भांडतं? तरी नेटाने बघत होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये चौथा सीझन सुरू व्हायला दोन दिवस असताना अमेरिका-कॅनडाबाहेरच्या आम्हा लोकांकडून, म्हणजे नेटफ्लिक्सवरून, मालिकाच काढून घेतली. आरडाओरडा झाला, मग काही देशांत दुसरीकडून सोय केली. आमचे पैसे भरलेले ते भरलेले.

खरं सांगायचं तर ‘पिकार्ड’च्या (त्याच टकल्या कप्तानाची नवी मालिका) तिसऱ्या सीझनला सगळी जुनी मंडळी एकत्र आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिळ्या कढीला ऊत आणलाय हे कळत होतं, तरी आलं. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ मात्र मनापासून आवडली, कारण तिथे पुन्हा आठवड्याला एक गोष्ट आहे. ती नातूही बघतो. तो चौदा वर्षांचा आहे, तेव्हा म्हातारपणाचा मुद्दा त्याला लावून पाहावा.

यंदा मी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली. भाऊ अजून त्या चार क्विंटलांवरून बोलतोय.

आपला,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक, अमळनेर (जि. जळगाव)

ता. क. लेखात मूळ मालिकेचे भाग ८० छापलेत. ते ७९ आहेत. पहिला चाचणी भाग धरला तर ८० होतात, पण तो आहे तसा पुरा टीव्हीवर आला १९८८ मध्ये. दुरुस्ती छापावी ही विनंती.