पळत नसे, तरी विंगर!

स. न. वि. वि.
विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा फुटबॉलपटू, म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, 'पळतो किती?' म्हणूनच असेल, स्कॉटलंडच्या जॉन रॉबर्टसनचं नाव इथे फारसं कुणी घेत नाही. गडी अंगाने भरलेला, धावण्यात मंदच. पण चेंडू पायाशी आला की समोरचा बचावपटू गोंधळून जायचा. खांदा किंचित झुकवायचा, हातभर जागा काढायची आणि तेवढ्यातून क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला पास) थेट सहकाऱ्याच्या डोक्यावर! डावा पाय की उजवा, त्याला फरक पडत नसे.

१९७९ चा युरोपियन कपचा (युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा) अंतिम सामना, म्युनिक. डावीकडून स्वीडनच्या माल्मो क्लबच्या दोघांना चकवून त्याने चेंडू उचलला आणि दूरच्या खांबापाशी ट्रेव्हर फ्रान्सिसने डोकं लावलं. त्याचा इंग्लिश क्लब नॉटिंगहॅम फॉरेस्ट १-० ने विजयी. पुढच्या वर्षी याच कपच्या माद्रिदमधल्या अंतिम सामन्यात हॅम्बुर्गविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. १९८१ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला हरवणारी पेनल्टीही त्याचीच. एवढं करूनही देशाकडून सामने मिळाले अवघे २८, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९८३ मध्ये फॉरेस्टचे माजी सहायक व्यवस्थापक पीटर टेलर यांनी त्याला डर्बी क्लबात नेलं. त्यावरून फॉरेस्टचे व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांच्याशी टेलर यांचा जो अबोला झाला, तो टेलर वारले तरी सुटला नाही.

आमच्या शाहू स्टेडियमवर कडेने नुसती धावणारी पोरं खूप दिसतात. त्यांच्यासाठी आपल्या क्रीडा पानावर रॉबर्टसनवर एक सविस्तर लेख जरूर छापावा, ही विनंती.

- एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर