शनिवारचं जेवण: जुन्या बाटल्यांबद्दल

मंडळी, शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, वेंगुर्ल्याला, नेहमीच्याच पडवीत. यंदा तीन जुन्या रेड वाइन आहेत: फ्रान्सची १९९६ ची बोर्दो, स्पेनची २००१ ची रिओहा ग्रान रेझेर्वा (म्हणजे बरीच वर्षं मुरवलेली) आणि इटलीची २००४ ची बारोलो.

ज्यांच्याकडे बाटल्या आहेत त्यांनी त्या शुक्रवारी दुपारपर्यंत आणून द्याव्यात. गाळ तळाशी बसायला बाटली किमान २४ तास उभी हवी. घाटातून हिंदकळत आलेली बाटली लगेच उघडली की पेल्यात चिखल. गेल्या वेळी तो माझ्याच वाट्याला आला होता!

जुनी बुचं भुसभुशीत होतात, म्हणून बुचाच्या कडेने सरकवायचं दोन पात्यांचं ओपनर मी आणतोय. डिकँटरमध्ये (वाइन गाळापासून वेगळी करायच्या काचेच्या सुरईत) ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवायची, न थांबता सावकाश ओतायचं आणि गाळाची रेघ मानेपाशी दिसली की हात आवरायचा. तळाचे दोन घोट वाया जातात, हळहळू नये. बोर्दो आणि रिओहा अगदी पिण्याच्या वेळीच ओतू. एवढ्या जुन्या वाइनचा गंध हवा लागल्यावर लवकर विरतो. बारोलोला मात्र डिकँटरमध्ये तासभर हवा लागू देऊ.

आपल्याकडच्या उकाड्यात 'खोलीचं तापमान' म्हणजे ३० अंश. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी, तेव्हा कुणीतरी बर्फ आणा.

तिखट मालवणी रस्सा आणि सोलकढी वाइन संपल्यावर. आधी बेताच्या मसाल्याचं मटण आणि भाकरी. त्या दिवशी अत्तर नको, वाइनचा गंध कळत नाही. गाडी घेऊन येणाऱ्यांनी मुक्कामच करावा, गाद्या आहेत.