मन्या, ते खड्डे नुसते भरू नकोस

प्रिय मन्या,

ड्राय डॉकमधला तो प्रोपेलरच्या ब्लेडचा फोटो बघून पोटात गोळाच आला रे. टोकाकडे, ट्रेलिंग एजच्या, म्हणजे मागच्या कडेच्या, जरा अलीकडे केवढं कुरतडलंय, स्पंजच झालाय! तू म्हणतोस गंज असेल, पण निकेल ॲल्युमिनियम ब्राँझला असा गंज चढत नाही, हे कॅव्हिटेशनच. ब्लेडच्या सक्शन साइडला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, प्रेशर इतकं पडतं की समुद्राचं गार पाणीच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे प्रेशर वाढलं की फटाफट मिटतात, मिटताना पाण्याची बारीक धार धातूवर छन्नीसारखी बसते, आणि हे महिनोन्‌महिने चालू.

आता मुद्दा, खड्डा पडतो तो बुडबुडा मिटतो तिथे, जन्मतो तिथे नाही. माझ्या दुसऱ्या शिपवर आम्ही खड्ड्यात इपॉक्सी भरून, घासून चकाचक करून निघालो, तर पुढच्या डायव्हर इन्स्पेक्शनला इपॉक्सी गायब आणि खड्डा आधीपेक्षा खोल. मग बघितलं तर त्याच रेडियसला, म्हणजे मध्यापासून तेवढ्याच अंतरावर, लीडिंग एजचा (पुढच्या कडेचा) नखाएवढा टवका उडालेला, सगळं तिथूनच सुरू. एवढं साधं आधी सुचलं नाही याची अजून हळहळ वाटते.

तेव्हा आधी लीडिंग एजवर बोट फिरव, टेम्प्लेट लावून प्रोफाइल नीट करून घे. वेल्डिंग क्लासला (जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेला) विचारूनच, आणि प्रेशर साइडला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या बाजूला, मुळापासून ०.४ रेडियसपर्यंत तर नकोच, तिथे ताण जास्त, क्रॅक जायची भीती. प्रोपेलरच्या पुढे जहाजाच्या तळाला चिकटलेले बार्नेकल्सही (शिंपल्यांसारखे जीव) काढून घे, पाणी वेडंवाकडं आलं की ब्लेडवरचा लोड दर फेऱ्याला वरखाली होतो. आणि बॅलास्टवर, म्हणजे माल नसताना टाक्यांत पाणी भरून चालताना, प्रोपेलर जमेल तितका खोल ठेवा, वर पाणी कमी की बुडबुडे जास्त.

न्यूकॅसलच्या म्युझियममध्ये टर्बिनिया, म्हणजे चार्ल्स पार्सन्सचं वाफेच्या टर्बाइनवर चालणारं जहाज, बघितली होती तेव्हा तुझीच आठवण आलेली. १८९४ ला एका प्रोपेलरने ती पळेचना, मग पार्सन्सने १८९५ मध्ये पाण्याचा छोटा टनेल बनवून २ इंची प्रोपेलरवर बुडबुडे डोळ्यांनी बघितले आणि लोड वाटून टाकला, ३ शाफ्ट, प्रत्येकावर ३ प्रोपेलर! १८९७ च्या नेव्हल रिव्ह्यूत ती सगळ्यांना मागे टाकून गेली. आधी बघितलं, मग हात घातला, मला हे फार आवडतं.

ग्राइंडर लावायच्या आधी लीडिंग एजचे जवळून फोटो पाठव, खडूने रेडियस लिहून, चारही ब्लेडचे. रात्री कितीही वाजता पाठव, मी जागा आहे.

तुझाच,
बाळ्या