शनिवारची मैफल: उशीर नको

नमस्कार मंडळी,

आठवण म्हणून. शनिवारी रात्री 8 वाजता सँडर्स थिएटरमध्ये हार्वर्ड-रॅडक्लिफ ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे. हा विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद 1808 पासूनचा! एकलवादकही विद्यार्थीच, स्पर्धेतून निवडलेले.

सुरुवात मेंडेल्सोनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्तोने, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेने होईल (पहिला प्रयोग लाइपझिग, 1845). इथे वाद्यवृंदाची लांबलचक प्रस्तावना नाही. जेमतेम दीड मात्रागट वाजतात आणि व्हायोलिन थेट गायलाच लागतं. त्यामुळे 'पहिली दहा मिनिटं हुकली तरी चालतील' हा आपला नेहमीचा हिशेब इथे लागू नाही. तिन्ही भाग न थांबता जोडलेले आहेत. पहिला संपला असं वाटताना बासून (खर्जातलं फुंकवाद्य) एकच स्वर धरून ठेवतो, जरा तंबोऱ्यासारखा, आणि त्यावरूनच दुसरा सुरू होतो. तेव्हा दाद मनातच द्या. कंडक्टरने हात खाली घेतल्यावर मात्र हात आखडू नका, मुलं महिनोन्‌महिने घासतात.

रेड लाइन मेट्रोने हार्वर्ड स्टेशनला उतरून थोडंसं चालायचं. गाडी आणू नका, पार्किंगचा वैताग ठाऊक आहेच. 7:30ला मेमोरियल हॉलच्या दाराशी भेटू, थिएटर त्याच इमारतीत आहे. तिकिटं माझ्याकडे आहेत. कोणी येणार नसेल तर गुरुवारपर्यंत कळवा, प्रतीक्षेत तिघे आहेत.