अपडेट घातलेत ना, मग यादी दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि आज लिहितोय ते विंडोजच्या त्या डिस्क आणि पेनड्राइव्हबद्दल, जे आपल्याकडच्या शाळा, पतसंस्था, सेतू केंद्रं सगळीकडे फिरत असतात आणि ज्यांच्यावर मार्करने "फुल अपडेट" असं लिहिलेलं असतं. म्हणजे काय, तर मायक्रोसॉफ्टची मूळ फाईल घ्यायची, नंतर आलेले अपडेट तिच्यात आधीच मिसळायचे आणि मग ती इन्स्टॉल करायची. पद्धत चांगलीच आहे, आपल्याकडे तर गरजेचीच आहे. पावसात लाईट जाते, नेट जातं, २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किती गावांत किती दिवस काहीच चालत नव्हतं ते सगळ्यांना आठवत असेल, अशा ठिकाणी प्रत्येक मशीनवर काही जीबीचे अपडेट नेटवरून उतरवत बसणं शक्यच नसतं.

पण माझं म्हणणं एवढंच आहे की ते अपडेट खरंच आत गेलेत का हे कोणी बघतच नाही!

जवळच्या एका शाळेत लॅब नवीन करून दिली होती. देणाऱ्याने सांगितलं, "सगळे अपडेट घातलेले आसत, तुमी बिनघोर ऱ्हवा." सरांना शंका आली म्हणून मला बोलावलं. डिस्कमध्ये सोर्सेस नावाचा फोल्डर असतो, त्यात इन्स्टॉल डॉट विम ही मोठी फाईल, खरी विंडोज त्यातच असते. आता या एकाच फाईलमध्ये होम, प्रो, एज्युकेशन अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, प्रत्येकीला वेगळा इंडेक्स नंबर, आणि अपडेट प्रत्येकीत वेगवेगळा घालावा लागतो. हे इथेच चुकतं. मी विंडोजमध्येच असलेली डिझम ही कमांड चालवून होम आणि प्रो या दोन्ही आवृत्त्यांची पॅकेजची (म्हणजे आत घातलेल्या अपडेट वगैरेंची) यादी काढली, तर होमच्या यादीत नवीन अपडेट अगदी बरोबर, तारखेसकट, आणि प्रोच्या यादीत शेवटची तारीख कितीतरी जुनी. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर प्रोच टाकलेली होती. म्हणजे अपडेट घातलेत हे खोटं नव्हतं, पण मुलांच्या मशीनवर त्यातलं काहीच आलं नव्हतं.

दुसरी चूक पण नेहमीची. विम फाईल उघडून (त्याला माउंट म्हणतात) अपडेट घातला की बंद करताना कमिट सांगावं लागतं. डिस्कार्ड दिलं तर सगळं केलेलं काम जातं, आणि डिस्क मात्र आधीसारखीच मस्त चालते, इन्स्टॉल होते, कोणाला पत्ता लागत नाही.

तपासायला फार वेळ लागत नाही हो. इन्स्टॉल करायच्या आधी डिझमची गेट विमइन्फो कमांड त्या त्या इंडेक्सवर चालवली की सर्व्हिसपॅक बिल्ड म्हणून एक आकडा दिसतो (बिल्ड म्हणजे विंडोज कुठल्या अपडेटपर्यंत आलीये त्याचा नंबर, हा त्यातला टिंबानंतरचा भाग), आणि इन्स्टॉल झाल्यावर विनव्हर टाइप केलं की बिल्ड नंबर येतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या दिवशीच्या अपडेटचा बिल्ड १९०४५.६४५६ आहे, त्यामुळे कोणी "शेवटपर्यंतचे सगळे अपडेट आहेत" म्हणत असेल तर टिंबानंतर निदान ६४५६ दिसायला हवं. यादीत प्रत्येक अपडेटचा केबी नंबर (मायक्रोसॉफ्ट त्या अपडेटला देतं तो) शोधत बसू नका, विंडोज १० चे महिन्याचे एकत्रित अपडेट तिथे रोलअपफिक्स या नावाने येतात आणि केबी नंबर दिसला नाही म्हणून लोक उगाच घाबरतात. काही पॅकेजसमोर इन्स्टॉल पेंडिंग (बसायचं बाकी) असं येतं, ते डिस्कमध्ये चालतं, मशीन सुरू झाल्यावरही तसंच राहिलं तर मात्र विचारा.

आणि "हॅश जुळतोय" (हॅश म्हणजे फाईलवरून काढलेला ओळखीचा कोड, फाईल जराही बदलली की तोही बदलतो) असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. डिस्कमध्ये बदल केला की तिचा हॅश मायक्रोसॉफ्टच्या हॅशशी जुळूच शकत नाही, बनवणाऱ्याने दिलेल्या हॅशशी जुळला तर फार तर एवढंच कळतं की कॉपी करताना फाईल बिघडली नाही.

हे सगळं एवढं मनाला लावून का घेतो, तर २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा कॉम्प्युटर व्हायरस आला तेव्हा आपल्याच रायगडातल्या जेएनपीटी बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. तो ज्या रस्त्यांनी पसरला त्यातला एक बंद करणारा अपडेट १४ मार्च २०१७ लाच आलेला होता. तो पासवर्ड चोरूनही पसरायचा, त्यामुळे एका अपडेटने सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, पण उघडं दार उघडंच का ठेवायचं?

नवीन विंडोज ११ घेणाऱ्यांनीही लक्ष द्या. ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ या काळातले अपडेट घालून विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीची जी डिस्क किंवा पेनड्राइव्ह बनवली गेली, तिच्यावरून इन्स्टॉल केलेल्या मशीन पुढचे सुरक्षेचे अपडेट घेईनात असा घोळ झाला होता, आणि मायक्रोसॉफ्टनेच डिसेंबरचा अपडेट घातलेली डिस्क वापरा असं सांगितलं. म्हणून अपडेट आत आहे हे बघून थांबायचं नाही, पुढच्या महिन्याचा अपडेट बसतोय का हेही एका मशीनवर बघायचं, मग बाकीच्या मशीनला हात लावायचा.

आपल्या पेपरातून मुख्याध्यापकांना, सरपंचांना आणि पतसंस्थांच्या मॅनेजरना माझी कळकळीची विनंती आहे की जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी लॅबचं काम कराल तेव्हा बिल द्यायच्या आधी प्रत्येक मशीनच्या विनव्हरचा फोटो आणि जी आवृत्ती टाकली तिचीच पॅकेजची यादी छापून बिलाला लावून घ्या, दुसऱ्या आवृत्तीची चालणार नाही. आमच्या धंद्यातल्या कोणाला यादी कशी काढायची ते येत नसेल तर संकोच न करता विचारा, मी बसून दाखवीन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग